पाठ टेकल्यानंतरची झुंज

वऱ्हाडात पोळ्याच्या सुमारास गावोगावी कुस्त्यांची आमदंगल भरते. डफडे वाजत असते, मैदानाभोवती माणसांचे कडे पडलेले असते. दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून जोखत असतात. मग कुणाचा तरी पट निघतो, कुणी ढाक मारतो आणि एकाची पाठ मातीला लागते. पंच हात वर करतो, फेटे उडतात, विजेत्याला खांद्यावर घेतले जाते. पाठीला माती लागली की कुस्ती संपली, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

हाच प्रसंग आखाड्याबाहेर घडला तर काय होते? रात्री शिकवणी आटोपून परतणाऱ्या मुलीला कोणी मागून ओढून पाडले, किंवा बसस्थानकाजवळ दोन तरुणांची बाचाबाची होऊन दोघेही रस्त्यावर कोसळले. तिथे पंच नसतो. पाठ टेकली म्हणून वरचा माणूस हात काढून घेत नाही. उलट खरा धोका त्या क्षणी सुरू होतो. जमिनीवरची झुंज, म्हणजे आज ज्याला ‘ग्रॅपलिंग’ या नावाने ओळखले जाते ती विद्या, नेमकी याच ठिकाणाहून शिकवायला सुरुवात करते. कुस्तीची एवढी जुनी परंपरा असलेल्या अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र कुस्ती येते म्हणून हीही येते, हा समज तितकाच चुकीचा आहे.

अमरावतीत व्यायामविद्येचा विषय निघाला की श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव आपोआप येते. वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापन केलेली ही संस्था आरंभी ‘हनुमान आखाडा’ म्हणूनच लोकांना माहीत होती. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती यांचे शिक्षण देणाऱ्या या आखाड्याचे पथक 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथे त्याने कबड्डी व मल्लखांबासह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले. विदर्भातल्या कितीतरी शाळांना क्रीडाशिक्षक या एका आवारातून मिळाले. कुस्तीच्या मातीबरोबर ज्युदोची गादीही तिथे आली.

अकोल्याची ओळख वेगळी. तिथे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीमुळे मुष्टियुद्ध रुजले. म्हणजे बडनेरा आणि मूर्तिजापूर मागे टाकत जाणाऱ्या शंभरेक किलोमीटरच्या रस्त्याच्या एका टोकाला पकडीची विद्या आणि दुसऱ्या टोकाला ठोशाची. लढतीच्या शास्त्रात हा भेद मूलभूत आहे. मुष्टियोद्धा अंतरावर जगतो. हात पोचेल एवढे जवळ आणि पकडले जाणार नाही एवढे दूर. मल्लाला हे अंतरच नको असते. तो अंगाला भिडतो आणि तिथून पुढे वजन, तोल व पकड यांचा व्यवहार सुरू होतो.

या दोहोंची गाठ पडली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे घडले. ‘यूएफसी’ या नावाने पुढे जगभर गाजलेल्या स्पर्धांपैकी ती पहिली. ब्राझीलचा रॉयस ग्रेसी हा सडपातळ लढवय्या आणि आर्ट जिमरसन हा व्यावसायिक मुष्टियोद्धा समोरासमोर आले. जिमरसन एकाच हातात मुष्टियुद्धाचा हातमोजा घालून उतरला होता. ग्रेसीने त्याला खाली पाडले आणि तो त्याच्या छातीवर जाऊन बसला. काही क्षणांतच जिमरसनने थाप मारून हार मानली. त्याला ना निर्णायक ठोसा लागला होता, ना त्याचा सांधा पिळला गेला होता. आपल्याला इथून बाहेर पडता येत नाही, एवढेच त्याला उमगले होते. स्पर्धा ग्रेसीनेच जिंकली आणि जगभरातल्या लढतविद्येच्या वर्गांचा अभ्यासक्रम त्यानंतर बदलू लागला.

ग्रेसी कुटुंबाची ही विद्या मुळात जपानची. जिगोरो कानो यांनी 1882 साली जुन्या जुजुत्सूतून निवड करून ज्युदो घडवला. त्यांच्या कोडोकान संस्थेतला मित्सुयो माएदा हा खेळाडू देशोदेशी लढत 1914 साली ब्राझीलला पोचला. योगायोग असा, की अमरावतीत हनुमान आखाडा सुरू झाला तेही हेच वर्ष. माएदाकडून कार्लोस ग्रेसी शिकला, त्याच्याकडून त्याचे भाऊ. त्यांतल्या एलिओने, आणि त्याच्यासोबत इतरांनीही, जमिनीवरच्या भागावर भर देऊन किरकोळ अंगाच्या माणसाला जड माणसाशी कसे झुंजता येईल याचा विचार पुढे नेला. ‘ब्राझिलियन जुजुत्सू’ ती हीच.

ज्युदो भारतात यायलाही ब्राझीलची वाट पाहावी लागली नव्हती. रवींद्रनाथ टागोरांनी 1905 साली जिन्नोसुके सानो आणि 1929 साली शिन्झो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात आणले होते. तिथे मुलींनीही हे धडे घेतले. मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याची कल्पना अलीकडची आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आता कुस्तीकडे वळू. देशी मल्लविद्येत जमिनीवरची लढत नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंपरेने कुस्तीचे चार प्रकार सांगितले जातात. बळावर भर देणारी ती भीमसेनी, डावपेचांवर चालणारी हनुमंती, पकडीत जखडून प्रतिस्पर्ध्याला शरण आणणारी जांबुवंती आणि सांधे मोडण्यापर्यंत जाणारी जरासंधी. यांतल्या शेवटच्या दोन प्रकारांचे वर्णन वाचले तर आजच्या ग्रॅपलिंगची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पण दंगलीच्या आखाड्यात टिकली ती पहिल्या दोहोंची परंपरा. पाठ लावणे हाच निकाल ठरल्यावर जखडून शरण आणण्याची गरज उरली नाही आणि जी गरज उरत नाही तिचे शिक्षणही मागे पडते. नियम हे नुसते पंचाच्या पुस्तकात राहत नाहीत, ते खेळाडूच्या अंगात उतरतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गामा पैलवानाचे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामाची गाठ पोलंडच्या स्तानिस्लाव झबिस्कोशी पडली. सुरुवातीलाच गामाने त्याला खाली घेतले. आपण उभ्याने टिकणार नाही हे ओळखून झबिस्को मग पोटावर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ तो अंगाला जमीन चिकटवून होता आणि गामाला त्याची पाठ काही लावता आली नाही. लढत बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या लढतीला झबिस्को आलाच नाही आणि गामा विजयी ठरला, तो भाग वेगळा. कुस्तीच्या नियमांत पालथे पडणे हा उत्तम बचाव आहे. मात्र गळा आवळण्याची मुभा असलेल्या लढतीत पाठ प्रतिस्पर्ध्याकडे करून पालथे पडण्याएवढी घातक गोष्ट दुसरी नाही. वरचा माणूस पाठीवर चढतो, दोन्ही पाय कमरेभोवती घालतो आणि त्याचा हात हनुवटीखालून गळ्याभोवती जातो. तिथून सुटका क्वचितच होते. म्हणूनच जुजुत्सूच्या स्पर्धेत पाठीवर ताबा मिळवण्याला छातीवर बसण्याइतकेच, म्हणजे सर्वाधिक चार गुण दिले जातात.

एकाच स्थितीचे दोन विद्यांत दोन अर्थ होतात, ते असे. कुस्तीगिराला पाठ टेकण्याची भीती लहानपणापासून लावलेली असते. पडता पडता तो हवेतच वळतो आणि पालथा होतो. जमिनीवरची झुंज शिकायला आलेल्या मल्लाला ही सवय मोडावी लागते. त्याला पहिल्यांदाच सांगितले जाते की पाठ जमिनीला टेकू दे, पण पाय मधे आण. खाली पाठीवर असलेल्या माणसाने वरच्याच्या कमरेला दोन्ही पायांनी वेढा घालणे, याला ‘गार्ड’ म्हणतात. पाय हे हातांपेक्षा कितीतरी बळकट असतात. त्यांच्या आधारे वरच्या माणसाला ओढून इतके जवळ ठेवता येते की त्याच्या ठोशात जोर राहत नाही, किंवा ढकलून इतके दूर ठेवता येते की ठोसा पोचत नाही. मधले अंतर मात्र द्यायचे नाही. मुष्टियोद्ध्याला हे चटकन समजते, कारण त्याचा सारा खेळच अंतराचा असतो.

तरीही कुस्तीगीर या वर्गात इतरांच्या दोन पावले पुढे असतो, हे खरे. पट काढून पाडणे, मागे जाऊन कब्जा घेणे, सवारी भरून खालच्याला दमवणे, घिस्सा किंवा मोळी यांसारख्या डावांत अंगाचे वजन नेमके कुठे टाकायचे याची जाण ठेवणे, हे सारे त्याला नव्याने शिकावे लागत नाही. दमसास तर त्याचाच. मातीत घोळलेल्या अंगाला पकडीची सवय असते. गादीवर मात्र माती जी अडवण करते ती नसते; हालचाल वेगाने होते आणि चूक सावरायला वेळ मिळत नाही. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मातीवरून थेट गादीवर उतरले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले ते गादीचे शिक्षण घेऊन आणि तिच्या नियमांचा सराव करून. मातीतून आलेल्या मल्लाने नवी पद्धत आत्मसात केल्याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही.

जमिनीवर लढत संपते ती तीन प्रकारे. ज्युदोत पाठीवर पडलेल्याला वीस सेकंद दाबून ठेवले की पूर्ण गुण मिळतो. दुसरा प्रकार सांध्याचा. कोपर ज्या दिशेला वळत नाही त्या दिशेला ताणले, किंवा दुमडलेला हात पाठीकडे फिरवून खांदा पिळला, की शरण येण्यावाचून पर्याय राहत नाही. 1951 साली रिओ येथे मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूने एलिओ ग्रेसीचा हात असाच फिरवला. हात मोडला तरी एलिओने थाप मारली नाही. शेवटी भावाने टॉवेल टाकून लढत थांबवली. त्या पकडीला आज जगभर ‘किमुरा’ म्हणतात. एलिओच्या जिद्दीचे गोडवे पुष्कळ गायले जातात, पण नवशिक्याने त्यातून घ्यायचा धडा उलटा आहे.

तिसरा प्रकार गळ्याचा. याबाबत गैरसमज फार. श्वासनलिका दाबणे हा या पकडीचा हेतू नसतो. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या कोपराच्या आतल्या घडीत सापडल्या, की साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. पकड लगेच सोडली तर तो शुद्धीवर येतो. सोडली नाही तर जिवावर बेतते. यात दुखत नाही, म्हणून धोका कळत नाही. यामुळेच थाप मारण्याचा संकेत या विद्येत नियमापेक्षा मोठा मानला जातो. सोबत्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थाप पडली की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. हात अडकले असतील तर तोंडाने सांगितले तरी चालते. ज्या वर्गात थाप पडल्यावरही ‘अजून थोडं सोस’ असे ऐकू येते, तो वर्ग पालकांनी त्याच दिवशी सोडावा. लहान मुलांच्या गटात गळ्याचे आणि सांध्यांचे डाव वर्ज्य किंवा अगदी मर्यादित ठेवलेले असतात, तेही याच कारणाने. दाबून धरणे, निसटणे, उलटवणे एवढ्यावर त्यांचा पहिला काळ खुशाल जावा.

या विद्येला प्रत्यक्ष विरोधाचा सराव लागतो. समोरचा माणूस मुकाट हात पुढे करतो आणि शिकणारा तो पिरगळतो, असल्या प्रात्यक्षिकांना शाळांच्या स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात. आत्मसंरक्षणाच्या दोन-तीन दिवसांच्या शिबिरांत तर याचीच रेलचेल असते. मुलींच्या मनात त्यातून एक विश्वास निर्माण होतो आणि काळजी वाटते ती त्या विश्वासाचीच. खरोखर सुटू पाहणाऱ्या, ढकलणाऱ्या, वजन टाकणाऱ्या जोडीदाराशी रोज काही मिनिटे झोंबल्याशिवाय कोणतीही पकड अंगवळणी पडत नाही. कुस्तीच्या तालमीत हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तिथे लढत केल्याशिवाय दिवस संपत नाही. जमिनीवरच्या झुंजीचा मोठा गुण असा की तीत ठोसे नसल्याने हा सराव पूर्ण ताकदीच्या जवळ जाऊन रोज करता येतो. मेंदूला मार बसत नाही. कान मात्र सुजतात, बोटे दुखावतात, गादी रोज पुसली नाही तर गजकर्णासारखे त्वचारोग पसरतात. पैलवानाची खूण म्हणून फुगलेल्या कानांचा अभिमान बाळगणाऱ्यांचे ठीक. इतरांना कानाचे संरक्षक पट्टे मिळतात.

मुलींच्या बाबतीत जमिनीवरच्या शिक्षणाचे मोल अधिक आहे. हल्लेखोर बहुधा वजनाने जास्त असतो आणि झटापट उभ्याने फार काळ चालत नाही. कोणी छातीवर बसले असता पाय रोवून कंबर एकदम वर उचलणे, त्याचा तोल पुढे गेला की त्याचा एक हात अडकवून त्या बाजूला उलटणे. ते जमले नाही तर कुशीवर वळून, कोपर व गुडघा यांच्या आधाराने कंबर इंच-इंच मागे सरकवत मधे पाय आणणे, या दोन हालचालींवर सुरुवातीचे कित्येक आठवडे जातात. दिसायला त्या अगदी साध्या. दुपट्टा, ओढणी, जर्किनची कॉलर यांचा विचारही ज्युदोसारख्या विद्येत आपोआप होतो, कारण तिथे पकडच मुळी कपड्यांची असते. गळ्यातली ओढणी ही दुसऱ्याच्या हातात दिलेली दोरी आहे, हे एकदा गादीवर अनुभवले की विसरले जात नाही. पालकांची अडचण असते ती अंगाला अंग भिडण्याची. मुलींच्या वेगळ्या तुकड्या आणि महिला प्रशिक्षक हा त्यावरचा सरळ उपाय. ऑलिम्पिकमध्ये महिलांचा ज्युदो 1992 पासून आणि महिलांची कुस्ती 2004 पासून आहे. साक्षी मलिकने 2016 साली रिओत कांस्यपदक जिंकले. खेळ म्हणून या विद्येला प्रतिष्ठा मिळाली की संकोच कमी होतो.

खेळाची वाट धरणाऱ्याने मात्र आधी थोडी चौकशी करावी. ज्युदो व कुस्ती शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाडूंना ती शिडी उपलब्ध आहे. जुजुत्सू 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेपासून त्या मैदानात आली. जागतिक कुस्ती संघटनेने शरणागतीच्या पकडी असलेला ग्रॅपलिंग हा प्रकारही स्वीकारला आहे. परंतु नव्या खेळांत संघटनांचे पेव फुटते आणि प्रत्येक जण ‘राष्ट्रीय’ प्रमाणपत्र देतो. शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण किंवा दहावी-बारावीचे वाढीव गुण यांसाठी कोणत्या संघटनेची, कोणत्या स्तरावरची स्पर्धा ग्राह्य धरली जाते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारूनच पैसे भरावेत. पट्ट्यांच्या रंगांचेही तसेच. ब्राझिलियन जुजुत्सूत पांढऱ्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षे लागतात. दोन वर्षांत काळा पट्टा देणारा शिक्षक काय विकतो आहे, हे निराळे सांगायला नको.

आत्मसंरक्षणाचा कायदाही शिकणाऱ्याला ठाऊक हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो कलम 96 ते 106 मध्ये होता. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. पण बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो जात नाही. बलात्कार, अपहरण किंवा जीवघेणा हल्ला अशा प्रसंगी तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत पोचू शकतो, एरवी नाही. पकडीच्या विद्येला इथे एक सोय आहे. ठोसा मारला की त्याचा परिणाम मारणाऱ्याच्या हातात राहत नाही. पकड कमी-जास्त करता येते. भांडखोर नातेवाइकाला किंवा नशेत असलेल्या मित्राला इजा न करता आवरायचे असेल तर याहून बरे साधन नाही. उलट, हल्लेखोर पळू लागल्यावर त्याला पुन्हा पाडून हात मोडला तर ते संरक्षण उरत नाही.

रस्ता म्हणजे गादी नव्हे, ही गोष्ट तर चांगले वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतात. डांबरावर गुडघे सोलतात, डोके आपटते. समोरच्याच्या खिशात चाकू असू शकतो आणि त्याचा साथीदार मागून लाथ घालू शकतो. अशा वेळी गादीवर गुण मिळवून देणारी पकड धरून खाली पडून राहणे हा आत्मघात ठरतो. म्हणून संरक्षणासाठी शिकणाऱ्याने प्रत्येक तासाच्या शेवटी उठण्याचा सराव करायचा असतो. एक हात मागे टेकवायचा, दुसरा चेहऱ्यासमोर धरायचा, एका पायाने समोरच्याला दूर ठेवत दुसरा पाय अंगाखालून मागे घ्यायचा आणि नजर न हटवता उभे राहायचे. मग अंतर ठेवायचे, ओरडायचे आणि उजेडाच्या दिशेने पळायचे. अकोल्याच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर गादीला हात लावता येत नाही, त्यामुळे हे सारे पहाटेच्या थंडाव्यात उरकावे लागते. महिनाभरानंतर हाच सराव एकदा मैदानातल्या कडक जमिनीवर, पायात रोजच्या चपला आणि पाठीवर दप्तर घेऊन करून पाहावा.